दवंडी, भिंत आणि रकाना : वसाहतकालीन मराठी वृत्तपत्रातील जाहिरातीचा अवकाश

१

मराठीतील ‘जाहिरात’ या संज्ञेचा प्रवास बाजारापासून सुरू होत नाही. ‘जाहीर’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला तो ‘उघड’, ‘प्रकट’ हा अर्थ घेऊन. आणि मराठीत त्याची जवळीक प्रथम जडली ती कचेरीशी. ‘जाहीरनामा’ म्हणजे सत्तेचे प्रकट वचन. १ नोव्हेंबर १८५८ रोजी हिंदुस्थानातील शहरांतून वाचला गेलेला राणीचा जाहीरनामा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रांत विक्रेत्याच्या निवेदनाला ‘जाहीरखबर’, ‘नोटीस’, ‘इश्तिहार’ अशी नावे मिळाली तीही याच गोतावळ्यातली आहेत. सर्व लोकांस कळविण्यात येते की, अशा धाटणीने सुरू होणारे वाक्य मामलेदाराच्या हुकुमात शोभते तसेच ते औषधाच्या किंवा पुस्तकाच्या जाहिरातीतही शोभू लागले. दुकानदाराने ग्राहकाशी बोलण्यासाठी प्रथम जो आवाज निवडला तो सरकारचा होता.

छापखान्यापूर्वी गावात एखादी गोष्ट जाहीर करण्याची रीत म्हणजे दवंडी. पाटील-कुलकर्ण्यांचा हुकूम, सारा भरण्याची मुदत, हरवलेले जनावर, बाजाराचा बदललेला दिवस अशा गोष्टी दवंडीने गावभर होत. हे काम बहुतेक ठिकाणी महाराच्या वतनी कामांपैकी होते. काही ठिकाणी ते मांगाकडे असे. परगावी मर्तिकाचा निरोप पोचविणे, सरकारी टपाल पुढच्या गावाला नेणे हीही महाराचीच कामे. म्हणजे मराठी खेड्यात ‘जाहीर’ करणारा घसा ज्याचा होता त्याला स्वतःचे असे काही जाहीर करण्याचा अधिकार नव्हता. तो इतरांच्या मजकुराचा वाहक होता. त्याचा आवाज सर्वांच्या दारापर्यंत जाई आणि तो स्वतः वेशीबाहेर राही.

छापील जाहिरात ही दवंडीची वारस मानली तर एक प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. दवंडीचे काम वृत्तपत्राच्या रकान्याकडे गेले तेव्हा जाहीर करण्याच्या अधिकाराचे काय झाले? रकाना पैसे देऊन मिळतो. जात, गाव, वतन यांचा त्याच्याशी तत्त्वतः संबंध नाही. दर ओळीला जो आकार ठरला असेल तो देणाऱ्या प्रत्येकाला तेथे बोलता यावे, हे या नव्या व्यवस्थेचे आश्वासन होते. ते कितपत पाळले गेले, हे तपासल्याशिवाय वसाहतकालीन जाहिरातीचे वाचन पुरे होत नाही.

२

मराठीत छापील जाहिरात वृत्तपत्राच्या आधी आली, ही बाब पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही. मुंबईतील ‘बॉम्बे कुरिअर’ या इंग्रजी पत्राने अठराव्या शतकाच्या अखेरीस गुजराती आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोडी लिपीत जाहीरखबरा छापल्याचे अ. का. प्रियोळकरांच्या मुद्रणविषयक संशोधनामुळे सर्वपरिचित झाले आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे मराठी भाषा वृत्तपत्राच्या पानावर प्रथम आली ती मत, वार्ता किंवा निबंध म्हणून नव्हे; ती आली निवेदन म्हणून, दुसऱ्या भाषेच्या पत्रात, पैसे मोजून किंवा सरकारी गरजेपोटी.

युर्गेन हाबरमासने सार्वजनिक अवकाशाच्या रूपांतराची जी मांडणी १९६२ मध्ये केली तिच्यात क्रम वेगळा आहे. तेथे आधी वादविवादाचे, विवेकशील नागरिकांचे वृत्तपत्र येते. नंतर जाहिरातीचा महसूल त्याला पोखरतो आणि वाचकाचा ग्राहक होतो. मराठीपुरते पाहता ही ऱ्हासकथा जशीच्या तशी लागू पडत नाही. येथे जाहिरात हा नंतर आलेला दोष नसून ती वृत्तपत्राची पूर्वसूरी आहे. ‘दर्पण’ इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत निघत असे, आणि त्या दोन भाषांच्या शेजारामागे राज्यकर्ते व प्रजा यांना एकमेकांना जाहीर करण्याचाच हेतू होता. पुढे १८४२ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांचे ‘ज्ञानोदय’ अहमदनगरहून, १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’ पुण्याहून, १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’ मुंबईहून निघाले. प्रत्येकाने स्वतःचा अवतार एखाद्या निवेदनानेच केला. चिपळूणकर, आगरकर, टिळक आदींच्या सह्यांनी १८८० साली प्रसिद्ध झालेले ‘केसरी’चे उद्देशपत्रकही त्याच जातीचे आहे. त्यात वृत्तपत्राची तुलना रात्री रस्त्यावर लागणाऱ्या दिव्यांशी आणि फिरत्या गस्तीशी केलेली आहे. ही प्रतिमा अधिकाऱ्यांवर नजर ठेवण्याच्या संदर्भात योजलेली होती. तरीही रस्त्यावरच्या दिव्याबद्दल विचारता येण्याजोगा साधा प्रश्न तिलाही विचारता येतो. दिवे कोणत्या आळीत लागतात?

जाहिरातीच्या रकान्याला खरे बळ मिळाले ते आगगाडी आणि टपाल यांच्यामुळे. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे, १८६० पर्यंत पुण्याहून सोलापूर आणि १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून मुंबई-पुणे अशी सलग वाट झाली. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. ची सोय सुरू केली आणि माल हाती पडल्यावर पोस्टमनजवळ पैसे देता येऊ लागले. या एका सोयीने जाहिरातीची भाषा बदलली. दुकानाचा पत्ता सांगणारी जाहिरात विश्वास मागत नाही, कारण ग्राहक दुकानी येऊन माल पाहतो. टपालाने माल पाठविणारी जाहिरात मात्र केवळ शब्दांवर उभी असते. म्हणून तिच्यात प्रशंसापत्रे येतात, डॉक्टर-वैद्यांचे दाखले येतात, नकली मालापासून सावध राहण्याचे इशारे येतात आणि गुण न आल्यास पैसे परत देण्याची शपथ येते. बालकांच्या प्रकृतीसाठी गिरगावातून निघणारे डोंगरे यांचे बालामृत, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, पनवेलचे धूतपापेश्वर यांच्यासारख्या कारखान्यांची औषधे घराघरांत पोचली ती या नव्या विश्वासतंत्राच्या आधारे. रेमंड विल्यम्सने जाहिरातीला जादूची व्यवस्था म्हटले, कारण तिच्यात वस्तू वस्तू म्हणून पुरेशी ठरत नाही. मराठी जाहिरातीत ही जादू एका ओळखीच्या मंत्राच्या रूपाने येते. वस्तू गुणकारी आहे एवढे पुरत नाही; ती पाठविणारा माणूस ‘आपल्यापैकी’ आहे, हे सिद्ध करावे लागते.

३

हे ‘आपल्यापैकी’ असणे १९०५ नंतर उघडपणे जाहिरातीचा विषय झाले. स्वदेशीच्या चळवळीने ग्राहकाच्या खरेदीला नैतिक अर्थ दिला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. पैसाफंडाच्या आधारे तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच काळात गिरगावात बी. दत्ताराम यांची संस्था सुरू झाली, जिचा उल्लेख हिंदी मालकीची पहिली जाहिरात संस्था म्हणून केला जातो. राष्ट्रीय पत्रांच्या पानांवर अग्रलेख आणि जाहिरात हे दोन मजकूर या वर्षांत एकमेकांना जेवढे पूरक झाले तेवढे आधी कधी नव्हते. वर अग्रलेखाने स्वदेशीचे व्रत सांगावे आणि मागच्या पानावर जाहिरातीने त्या व्रताचे साहित्य पुरवावे, अशी ही रचना होती.

या जाहिरातींच्या शब्दकळेत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे ‘शुद्ध’. परदेशी साखर हाडांच्या कोळशाने स्वच्छ केली जाते हा स्वदेशी प्रचारातील प्रभावी मुद्दा होता. साबणाच्या बाबतीत जनावराच्या चरबीचा मुद्दा तसाच प्रभावी ठरला. अर्देशिर गोदरेज यांनी १९२०च्या सुमारास केवळ वनस्पती तेलांपासून साबण बनवून बाजारात आणला आणि त्याच्या प्रसिद्धीला रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांची शिफारस मिळाली. उद्योजकाच्या दृष्टीने हे मोठेच यश होते. त्यामागच्या देशनिष्ठेविषयीही शंका घेण्याचे कारण नाही, कारण याच गोदरेजांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ‘शुद्ध’ हा शब्द येथे रसायनाचा गुणधर्म सांगत असतानाच सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवस्थेतील आपली जुनी सत्ता कायम ठेवतो. चरबीरहित साबण स्वच्छ असतो एवढेच तो सांगत नाही. तो विटाळत नाही, हेही सांगतो. वस्तूच्या शुद्धतेची खात्री ज्याला हवी असा वाचक त्या वाक्यात गृहीत धरलेला आहे, आणि ज्याच्या स्पर्शाने वस्तू अशुद्ध मानली जाते असा माणूस त्या वाक्यातून वगळलेला आहे.

बेनेडिक्ट अँडरसनने वृत्तपत्राच्या पानावर एकमेकांशेजारी छापल्या जाणाऱ्या असंबद्ध मजकुरांत राष्ट्राच्या कल्पनेचे बीज पाहिले. एका तारखेखाली, एका पानावर सर्व काही येते आणि वाचकाला न पाहिलेल्या सहवाचकांची जाणीव होते. मराठी पत्राच्या जाहिरातपानाला हे वर्णन चांगले लागू पडते. काय शेजारी आले, एवढेच पाहून मात्र भागत नाही. कोणाला शेजार नाकारला गेला, हेही पाहावे लागते.

४

रकान्याबाहेरची ही बाजू पाहण्यासाठी पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पुढे मुळा-मुठेच्या काठी असलेल्या मांजरी या गावाकडे वळणे उपयुक्त ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने ऊस आणि गूळ यांवरील प्रयोग मांजरीच्याच क्षेत्रावर केले; १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा साखर संस्था या नावाने ओळखली जाणारी संशोधन संस्थाही मांजरीलाच आहे. ‘शुद्ध स्वदेशी साखरे’च्या जाहिरातीत जो कधी दिसत नाही तो उत्पादक या गावच्या शिवारात दिसतो. आणि याच शिवारात, या सर्वांच्या आधी, जोतीराव फुले यांची सुमारे ६० एकर शेती होती.

फुल्यांचे चित्र सुधारक आणि ग्रंथकार म्हणून इतके ठसले आहे की त्यांचा व्यापार दुर्लक्षित राहतो. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची विक्री, बांधकामाच्या मालाचा पुरवठा, सरकारी कंत्राटे हे त्यांचे व्यवसाय होते. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी घेण्यास शेतकरी बिचकत होते तेव्हा मांजरीच्या शेतात त्या पाण्यावर पिके काढून फुल्यांनी ती धास्ती घालविण्याचा प्रयत्न केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या व्यापारी, कर्त्या, शहराशी व्यवहार करणाऱ्या माणसासाठी जाहिरातीचा रकाना निर्माण झाला, असा माणूस फुल्यांच्या रूपाने पुण्यात हजर होता. त्याला पैशाची अडचण नव्हती आणि व्यवहाराची भाषाही परकी नव्हती. असे असूनही त्याला जेव्हा जेव्हा महत्त्वाचे काही जाहीर करावयाचे होते तेव्हा रकाना अपुरा ठरला आणि त्याने दुसरी साधने वापरली.

पहिले साधन भिंत. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केल्यावर फुल्यांनी पुण्यात त्याची पत्रके लावली. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षित बाळंत व्हावे, मूल ठेवणे न ठेवणे त्यांच्या इच्छेवर राहील, असा त्यांचा आशय होता. जाहिरातीचा प्रकार म्हणून पाहता हा विलक्षण मजकूर आहे. तो गुप्ततेची जाहिरात करतो. ज्या गोष्टीवर घरोघर पडदा पडलेला आहे तिला तो ब्राह्मण वस्तीच्या भिंतीवर नाव देतो आणि त्याच वेळी प्रत्येक बाईला नाव न सांगण्याची हमी देतो. येथे विकावयाचे काही नाही; किंमत नाही, प्रशंसापत्र नाही, आणि असण्याची शक्यताही नाही, कारण या सेवेचा लाभ घेणारी कोणतीही स्त्री साक्ष देण्यास पुढे येणार नव्हती. बाजारी जाहिरात ज्या विश्वासतंत्रावर उभी होती त्याचा एकही घटक उपलब्ध नसताना हे पत्रक विश्वास मागते. रकान्यातील जाहिरात घरच्या कर्त्या पुरुषाशी बोलत होती. वृत्तपत्र घरी येई ते त्याच्या नावे. भिंतीवरचे पत्रक त्याला वळसा घालून बोलू पाहते.

दुसरे साधन आवाज. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्ये पुरा झाला. त्याचे पहिले भाग ‘दीनबंधु’त छापले गेले आणि नंतर छपाई थांबली. ‘दीनबंधु’ हे १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले, सत्यशोधक चळवळीचे स्वतःचे पत्र. म्हणजे येथे अडवणूक करणारे प्रतिपक्षाचे पत्र नव्हते. सरकारवर आणि नोकरशाहीवर इतक्या कठोर शब्दांत टीका छापण्याचे धाडस स्वकीयांनाही झाले नाही, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट १८७८ मध्ये आला होता आणि तो रद्द होऊन अवघे वर्ष झाले होते. फुल्यांनी प्रस्तावनेत याविषयीची नाराजी नोंदविली आहे आणि लगोलग ग्रंथ कोठे कोठे वाचून दाखविला याची यादी दिली आहे. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशी ती नावे आहेत. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांपुढेही त्याचे वाचन झाले. ही यादी केवळ माहिती म्हणून वाचणे पुरेसे नाही. छापण्याची वाट बंद झाल्यावर ग्रंथ गावोगाव वाचून दाखविणे ही दवंडीच आहे, फक्त या वेळी मजकूर आणि घसा एकाच बाजूचा आहे. मांजरीच्या शेजारच्या हडपसरला ज्यांनी तो ऐकला असेल त्यांना कालव्याच्या पाण्याविषयीचे, नोकरवर्गाच्या लाचखोरीविषयीचे त्यातील तपशील ओळखीचे वाटले असणार.

१८८५ च्या ग्रंथकार सभेला न जाण्याचा फुल्यांचा निर्णयही याच सूत्रात बसतो. त्यांचे नकाराचे पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाले, म्हणजे मिशनऱ्यांच्या पत्रात. ज्या सभेत मिळणारी जागा इतरांच्या अटींवर मिळणारी आहे ती घेण्यापेक्षा बाहेर राहून बोलणे त्यांनी पसंत केले. फुल्यांच्या बाबतीत सार्वजनिक अवकाशाचा प्रश्न हा नेहमीच अटींचा प्रश्न होता. नुसता प्रवेश मिळाल्याने तो सुटणार नव्हता.

५

अटींचा हा प्रश्न अत्यंत नेमक्या रूपात पुढे आला तो १९२० मध्ये. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्याला राजर्षी शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. नव्या पत्राची माहिती लोकांना व्हावी म्हणून ‘केसरी’कडे निवेदन पाठविले गेले, त्यासाठी जाहिरातीचा आकार देण्याचीही तयारी दाखविली गेली, आणि ‘केसरी’ने ते छापण्यास नकार दिला. आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त या प्रसंगाचा उल्लेख केला आणि धनंजय कीरांनी चरित्रात तो नोंदविताना टिळक त्या वेळी हयात होते याकडे लक्ष वेधले.

या प्रसंगाची चर्चा बहुधा ‘केसरी’च्या किंवा टिळकांच्या सामाजिक धोरणाचा पुरावा म्हणून होते. त्या चर्चेला तिची जागा आहे. टिळकांनी मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत भरविलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत अस्पृश्यतेचा कठोर शब्दांत निषेध केला होता आणि तरी त्या वेळच्या प्रतिज्ञापत्रकावर सही केली नव्हती, हेही त्या चर्चेत येते. परंतु जाहिरातीच्या सिद्धांताच्या अंगाने पाहता १९२० चा नकार अधिक मूलगामी ठरतो, कारण तो मताला दिलेला नकार नाही. संपादकाने एखाद्या लेखाला जागा नाकारली तर ती संपादकीय निवड असते. मोबदला देऊन छापलेल्या जाहिरातीत मात्र संपादकाचे मत गृहीत धरले जात नाही. जाहिरातीच्या मजकुराची जबाबदारी जाहिरातदाराची, हा संकेत सर्वमान्य आहे. त्याच संकेताच्या आधारे, ज्यांच्या गुणाविषयी संपादक कधीही शपथ घेणार नाही अशी औषधे राष्ट्रीय पत्रांत निर्वेध छापली जात होती. म्हणून जाहिरात नाकारणे याचा अर्थ एखाद्या मजकुराशी असहमत होणे असा राहत नाही. जाहिरातदार म्हणून उभे राहण्याचा त्या माणसाचा अधिकारच त्यात नाकारला जातो. पैसा सर्वांचा सारखा, हे बाजाराचे किमान वचनसुद्धा येथे मोडले गेले.

आता पहिल्या भागातील दवंडी पुन्हा आठवावी लागते. ज्या समाजाच्या घशाने गावाने पिढ्यान्पिढ्या आपले सर्व काही जाहीर करून घेतले त्या समाजातून आलेल्या संपादकाने स्वतःच्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. या नावातील ‘मूक’ हा शब्द सहसा ‘ज्यांना आवाज नाही असे’ या अर्थाने समजला जातो. दवंडीच्या संदर्भात त्याला अधिक नेमका अर्थ येतो. येथे आवाजाची उणीव कधीच नव्हती. आवाजावर हक्क नव्हता. तो आवाज स्वतःसाठी वापरण्याचा प्रसंग आला तेव्हा नव्या, छापील, पैशाने चालणाऱ्या व्यवस्थेनेही जुन्या वेशीचाच नियम लावला.

त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचा माल, नांगर, यंत्रे यांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचविणारे ते पत्र होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि त्याच घरातून १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. एकाच वर्षी दोन निरनिराळ्या गरजांनी दोन पत्रे जन्माला आली. एका बाजूला इतरांच्या रकान्यात मावेनासा झालेला उद्योजक स्वतःचे नियतकालिक काढतो. दुसऱ्या बाजूला इतरांच्या रकान्यात न घेतला गेलेला समाज स्वतःचे पत्र काढतो. पहिल्याचा विस्तार मराठी मध्यमवर्गाच्या अभिरुचीचा इतिहास झाला. दुसरे पत्र १९२३ मध्ये बंद पडले. त्यानंतर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी नवी सुरुवात पुन्हा पुन्हा करावी लागली. या खंडित मालिकेचे कारण वैचारिक जोमाच्या अभावात शोधता येत नाही. जाहिरातीच्या उत्पन्नावर स्थिरावणारे पत्र आणि वर्गणीदारांच्या तुटपुंज्या पैशांवर तगणारे पत्र यांतील अंतर तेथे दिसते. जाहिरात घेणे आणि जाहिरात देणे या दोन्ही दारांशी एकच पहारा होता.

६

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की, खाजगी मालकीच्या पत्राला कोणतीही जाहिरात न छापण्याचा अधिकार असतो आणि एका नकारावरून एवढा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. अधिकाराविषयीचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. परंतु ‘केसरी’सारख्या पत्राची प्रतिष्ठा केवळ खाजगी मालकीवर उभी नव्हती, ते लोकांच्या वतीने बोलत असल्याचा दावा करीत होते आणि त्या दाव्यामुळेच त्याच्या रकान्याला किंमत होती. लोकांच्या नावाने उभारलेल्या अवकाशात कोण लोक, हा प्रश्न विचारणे गैरलागू होत नाही. ‘असूडा’च्या बाबतीत ‘दीनबंधु’ही कचरले, ही गोष्ट वर नोंदविलेली आहेच. त्यामुळे येथे दोषारोप एका पत्रावर नाही. रकान्याच्या दाराशी राजसत्तेचा धाक आणि जातिव्यवस्थेचा संकेत असे दोन पहारेकरी होते. फुल्यांना १८८३ मध्ये पहिला भेटला, आंबेडकरांना १९२० मध्ये दुसरा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९२० च्या नकाराची साक्ष नाकारल्या गेलेल्या पक्षाकडून येते. ‘केसरी’च्या फाइलीत ती मिळणार नाही. हे खरे आहे, आणि नेमकी हीच गोष्ट अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. न छापलेली जाहिरात नाकारणाऱ्याच्या संग्रहात उरत नाही, कारण ती छापलीच गेलेली नसते. तिचा ठसा उरतो तो फक्त ज्याला नकार मिळाला त्याच्या स्मरणात. जुन्या अंकांच्या फाइली पाहून औषधे, साबण, नाटके, पुस्तके यांच्या जाहिराती गोळा करणारा अभ्यासक त्या काळच्या बाजाराचे चित्र रंगवू शकेल. त्या बाजाराच्या वेशीचे चित्र त्याला तेथे सापडणार नाही. रा. के. लेले यांच्यासारख्यांनी मराठी वृत्तपत्रांचा जो इतिहास लिहिला तो स्वाभाविकपणे निघालेल्या पत्रांचा आणि छापलेल्या मजकुराचा इतिहास आहे. त्याला पूरक म्हणून न छापलेल्या मजकुराचा इतिहास लिहावयाचा तर ‘असूडा’ची प्रस्तावना, ‘ज्ञानोदया’तील पत्र, ‘बहिष्कृत भारता’तील आठवण ही जाहिरातीच्या इतिहासाची साधने म्हणून वाचावी लागतील.

स्वतंत्र भारतात १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. १९५८ मध्ये मुंबई राज्यात कनिष्ठ गावकी वतने कायद्याने नष्ट झाली आणि त्यांबरोबर वतनी दवंडीचे बंधनही संपले. पहिल्या कायद्याने खोटे बोलणाऱ्या जाहिरातीला रोखले. दुसऱ्याने सक्तीने बोलाव्या लागणाऱ्या घशाला मोकळे केले. जी जाहिरात बोलूच दिली गेली नाही तिच्यासाठी कायदा असू शकत नव्हता. तिची दखल घेण्याचे काम इतिहासाकडे आणि समीक्षेकडेच येते. मांजरीत शेती करणाऱ्या व्यापाऱ्याने रकाना अपुरा पडला तेव्हा भिंतीवर पत्रक लावले आणि छपाई थांबली तेव्हा आवाजाने ग्रंथ गावोगाव नेला; त्यानंतर ३७ वर्षांनी ‘मूकनायका’ने रकाना मिळेना म्हणून स्वतःचे पत्रच हीच आपली जाहिरात केली. वसाहतकालीन मराठी जाहिरातीचा अभ्यास छापील रकान्यापाशी थांबला तर तो अर्ध्याच व्यवहाराचा अभ्यास ठरेल.